आवळकरांचे साडू

आवळकर हे त्यांचं आडनाव नव्हतं. खरं आडनाव पगाराच्या पावतीवर असायचं आणि तिथेच राहायचं. विमान ठेवायच्या हँगरमध्ये कुणी काहीही बांधत असलं, अगदी बुटाची नाडी का असेना, शेजारून जाताना ते विचारायचे, "आवळलं का नीट?" एवढ्यावरून कुणीतरी गंमत म्हणून आवळकर म्हणालं आणि ते नाव असं चिकटलं की पुढे साहेबसुद्धा फोनवर "आमचे आवळकर येतील, ते बघतील" असं सांगू लागले.

कंपनी छोटी होती. लांबच्या गावांतून अत्यवस्थ माणसांना उचलून मोठ्या हॉस्पिटलच्या शहरात विमानाने आणायचं, हा तिचा धंदा. पेशंट विमानात चढतो तेव्हा एकटा चढत नाही. त्याच्याबरोबर अर्धं हॉस्पिटल आत येतं: श्वास देणारा व्हेंटिलेटर, छातीचे ठोके दाखवणारा मॉनिटर, थेंबाथेंबाने औषध सोडणारे पंप, ऑक्सिजनचे सिलिंडर. ही सगळी यंत्रं जमिनीवर शहाण्या मुलांसारखी जागच्या जागी बसतात. पण हवेत विमान एकदम खाली गेलं, किंवा उतरताना करकचून ब्रेक लागला, की त्यातलं प्रत्येक यंत्र पुढे झेप घ्यायला बघतं. आणि पुढे असतं कोण, तर पेशंटचं डोकं नाहीतर सिस्टरची पाठ. म्हणून ती बांधायची. काही यंत्रांना विमानात ठरलेली जागा असते, खटका दाबला की बसतात. पण गावोगावची हॉस्पिटलं आपापली यंत्रं पाठवतात, आणि ती कुठल्याच जागेत बसत नाहीत. तिथे आवळकरांचं डोकं आणि हात लागायचे. यंत्र आवळायचं आणि नळीला ढील द्यायची, हे त्यांचं सूत्र. नळी ताणली गेली तर माणसाच्या अंगातली सुई निघते. सगळं बांधून झालं की ते प्रत्येक वस्तूला हात घालून एक हिसका द्यायचे, पुढे, वर आणि आडवा. हललं तर पुन्हा पहिल्यापासून.

ही विद्या त्यांना वडिलांकडून मिळाली होती. वडील लोकांचं घरसामान एका घरातून दुसऱ्या घरात हलवणाऱ्या ट्रकवर होते. आरशाची कपाटं आणि काचेची भांडी खडबडीत रस्त्यावरून न फुटता कशी न्यायची, हे आवळकर चड्डीत असल्यापासून बघत आले होते. पुढे विमानतळावर माल चढवायच्या कामाला लागले आणि तिथून या कंपनीत आले. काम आवडलं. हात चांगला होता, बोलणं बेताचं होतं, आणि त्यांच्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती.

लग्न झालं ते एका बस ड्रायव्हरच्या थोरल्या मुलीशी. सासऱ्यांनी जन्मभर बस चालवली होती. जगात दोनच प्रकारची माणसं असतात, चाक हातात असलेली आणि मागे बसलेली, असं त्यांचं ठाम मत. जावई विमानतळावर आहे म्हटल्यावर त्यांना कोण आनंद झाला. जावई विमान चालवत नाही हे कळल्यावर तो थोडा ओसरला, पण विमानात बसतो तरी, यावर त्यांनी समाधान मानलं. सासरच्या घरात खिडकीशी एक वेताची खुर्ची होती. आवळकर आले की सासूबाई तिच्यावरचे वाळलेले कपडे उचलायच्या आणि म्हणायच्या, "बसा जावईबापू." चहा आधी त्यांना. पेपर आधी त्यांना. धाकटी मेव्हणी भावोजी भावोजी करत मागे असायची. असं बरीच वर्षं चाललं. माणसाला सवय लागते.

मग धाकटीने आपलं आपण जमवलं. मुलगा मालवाहू विमानांचा पायलट होता. उंच, हसरा, मोठ्यांच्या पाया पडणारा आणि लहानांना खांद्यावर घेणारा. घर बघायला पहिल्यांदा आला तेव्हा तो सरळ जाऊन वेताच्या खुर्चीवर बसला. त्याला बिचाऱ्याला काय माहीत. आवळकर दारात चपला काढत उभे होते. आता कुणीतरी त्याला उठवेल म्हणून ते जरा थांबले. कुणी उठवलं नाही. सासूबाई म्हणाल्या, "थोरले, तुम्ही तिकडे पलंगावर बसा ना." त्या दिवसापासून ते थोरले झाले आणि जावईबापू हे नाव खिडकीकडे गेलं.

एवढ्यावर भागलं असतं तर ठीक होतं. पण कंपनीतला म्हातारा पायलट निवृत्त झाला आणि जागा रिकामी झाली. बायको म्हणाली, "त्याला सांगा की. बिचारा कधीही उठून मालाची विमानं हाकतो, धाकटी घरी एकटी असते."

"आमच्याकडे काम फार अवघड असतं," आवळकर म्हणाले.

"मग तो काय सोप्पं काम करतो का आत्ता?"

त्यांनी विषय टोलवत ठेवला. शेवटी जेवताना सासऱ्यांनीच सरळ विचारलं, आणि सासऱ्यांसमोर खोटं बोलणं त्यांना जमेना. अशा रीतीने आपल्या साडूला त्यांनी आपल्याच हाताने आपल्या हँगरमध्ये आणून बसवलं.

हा साडू, म्हणजे कंपनीचा नवा कॅप्टन, वाईट माणूस असता तर आवळकरांचं फार सोपं झालं असतं. पण त्याच्यात बोट ठेवायला जागा नव्हती. तो झाडूवाल्याशीही बोलायचा. यायचा वेळेवर. विमान उतरवायचा ते असं, की सिस्टरच्या हातातला पाण्याचा पेला हिंदकळायचा नाही. आणि आवळकरांना सगळ्यांसमोर साडूभाऊ म्हणायचा. "साडूभाऊंनी बांधलंय ना, मग बघायला नको," हे त्याचं नेहमीचं वाक्य. या वाक्याने आवळकरांना बरं वाटायला हवं होतं. त्यांना वाटायचं, हा कोण मला शाबासकी देणारा?

सासरी जमलं की गोष्टी कॅप्टनच्या असत. एकदा डोंगराळ भागातून एका बाईला आणताना वाऱ्याने विमान पार उलटंपालटं केलं होतं. कॅप्टनने ते सांगितलं तेव्हा सासरे खुर्चीच्या टोकावर आले.

"मग?"

"मग काय बाबा, खाली घेतलं, दरीच्या अंगाने वळवलं. मागे साडूभाऊ होते, म्हणून चिंता नव्हती. एक वस्तू हलली नाही."

"हो, ते झालंच. पण वळवलंत कसं? हात कसा केलात, दाखवा बघू."

आणि कॅप्टनने हवेत हात फिरवून दाखवला. सासऱ्यांनीही फिरवला. पलंगावर बसलेल्या आवळकरांना वाटलं, त्या विमानात मीही होतो. गुडघे टेकून व्हेंटिलेटरला छातीशी धरून बसलो होतो, पट्टे असूनसुद्धा. पण त्याची गोष्ट कशी सांगणार? मी बांधलं आणि मग काही झालं नाही, ही काय गोष्ट झाली? कॅप्टनचं काम चांगलं झालं की लोक टाळ्या वाजवतात. आपलं काम चांगलं झालं की लोकांना कळतही नाही की काम होतं.

हे त्यांच्या मनात घर करून बसलं. कॅप्टनला कुणी धन्यवाद दिले की त्यांच्या कानांना ते बरोबर ऐकू यायचं, भले पंखे चालू असोत. कॅप्टनने नवे बूट घेतले तर त्यांना बूट दिसायचे. वर्तमानपत्रात एकदा कंपनीचा फोटो आला, त्यात कॅप्टन मध्यभागी आणि आवळकरांचा कोपरा, म्हणजे खरोखरचं कोपर, एका कडेला. तो फोटो सासऱ्यांनी कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. आवळकर घरी आले आणि जेवले नाहीत.

"पोटात दुखतंय का?" बायकोने विचारलं.

"नाही."

"मला वाटलं दुखतंय," ती म्हणाली आणि ताट झाकून ठेवलं. तिला सगळं कळत होतं. पण ती कॅप्टनच्या बायकोची बहीण होती, आणि बहिणीचं सुख तिला खुपत नव्हतं. तिचं तरी काय चुकलं?

तो दिवस स्वच्छ उन्हाचा होता, फक्त वारा होता. लांबच्या एका छोट्या गावाहून बोलावणं आलं. छपरावर काम करताना एक सुतार खाली पडला होता. फासळ्या मोडून फुप्फुसात गेल्या होत्या, रक्तदाब टिकत नव्हता. औषधाच्या एका पंपावर तो जीव धरून होता. गावचं हॉस्पिटल पेशंटबरोबर स्वतःचा पंप देणार होतं. तो पंप विमानातल्या जागेत बसणारा नव्हता, म्हणून आवळकरांनाही जावं लागलं. बरोबर कंपनीची जुनी सिस्टर होती. डोक्यावर पिकलेले केस, जिभेला हाड नाही, आणि हात मात्र लोण्यासारखा.

धावपट्टीवर ॲम्ब्युलन्स येऊन उभी होती. पेशंटला आत घेतलं. आवळकर गुडघ्यांवर बसून एकेक यंत्र बसवू लागले. स्ट्रेचरच्या कडेच्या दांडीला त्यांनी स्क्रूने आवळायची आपली पकड लावली, तिच्यात पंप बसवला आणि पकडीचा स्क्रू फिरवायला सुरुवात केली. तेवढ्यात बाहेरचं बोलणं कानांवर आलं. सुताराची बायको कॅप्टनचे दोन्ही हात धरून उभी होती.

"तुमच्या हातात आहे हो सगळं आता."

"काळजी करू नका ताई. आम्ही आहोत ना," कॅप्टन म्हणाला, आणि तो हे असं म्हणाला की त्या बाईचा चेहरा खरोखर सैल झाला. मग ती विमानात चढली, आवळकरांना तिथे खाली बसलेलं बघितलं आणि हातातली पिशवी त्यांच्यापुढे केली.

"अहो हमाल, ही जरा ठेवता का कुठेतरी?"

तिचा काही दोष नव्हता. नवरा मरणाच्या दारात असलेल्या बाईने कुणाला काय म्हणावं याचं भान ठेवायचं का? पण आवळकरांच्या डोक्यात काहीतरी चटकन पेटलं. त्यांनी पिशवी घेतली, मागच्या जाळीत कोंबली, जाळीचे हुक लावले. परत आले तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर पंप नव्हता, ते धरलेले दोन हात होते. त्यांनी मॉनिटरला हिसका दिला, व्हेंटिलेटरला दिला, सिलिंडरला दिला. पंपाशी हात गेलाच नाही.

"साडूभाऊ, झालं का?" पुढून कॅप्टनने विचारलं.

"कधीच झालंय," आवळकर म्हणाले. तुझीच वाट बघतोय, असा त्याचा सूर होता. कॅप्टनला तो सूर कळला नाही. त्याला फक्त शब्द ऐकू आले.

वरचा प्रवास ठीक झाला. उतरताना मात्र वारा आडवा झाला. धावपट्टी अगदी जवळ आल्यावर विमान एका बाजूला ढकललं गेलं, कॅप्टनने ते ओढून सरळ केलं, आणि चाकं जोरात आपटली. पाठोपाठ ब्रेक. त्या झटक्यात पंप पकडीसकट दांडीवरून निसटला आणि सरळ पुढे गेला. पुढे सिस्टरचा हात होता. हाड मोडल्याचा आवाज आवळकरांनी ऐकला. औषधाची नळी सुटली, मॉनिटर बोंबलायला लागला, सुताराची बायको नुसती बघत राहिली.

सिस्टर ओरडली नाही. मोडलेला हात तिने मांडीवर टाकला आणि दुसऱ्या हाताने नळी शोधली. "आवळकर, पंप उचला. वर धरा. अजून वर. नळी माझ्याकडे द्या." विमान अजून धावत होतं. आवळकरांनी पंप दोन्ही हातांनी धरला आणि विमान थांबेपर्यंत धरून ठेवला. सिस्टरने दातांनी टोपण काढून नळी जोडली. रक्तदाब जेवढा खाली गेला होता तेवढा हळूहळू वर आला. सुतार जगला. पुढे कितीतरी दिवसांनी तो काठी टेकत घरी गेला, असं कळलं. पण त्या दिवशी हे कुणालाच माहीत नव्हतं.

चौकशी दुसऱ्याच दिवशी झाली. कंपनीत सुरक्षिततेचं बघायला एक बाई होत्या. त्या आवाज न चढवता बोलायच्या, त्यामुळे सगळे त्यांना घाबरायचे. टेबलावर ती पकड ठेवली होती. पडताना ती दांडीवर आपटून वाकली होती, स्क्रूचा आटा गेला होता. आधी सैल होती की नंतर झाली, हे तिच्याकडे बघून सांगता येत नव्हतं.

"ही सैल राहिली होती का?" बाईंनी विचारलं.

आवळकरांनी तोंड उघडलं. पण कॅप्टन आधी बोलला.

"शक्य नाही, मॅडम. ती साडूभाऊंनी लावली होती. मी उतरण्याआधी विचारलंही होतं... म्हणजे उडण्याआधी. ते झालं म्हणाले. ते झालं म्हणाले म्हणजे झालं. आपटलं मी. वारा आडवा दिसत होता, मी न उतरता विमान पुन्हा वर घ्यायला हवं होतं. एवढ्या आपटण्यात कुठलीही पकड सुटली असती."

सगळ्यांनी माना डोलावल्या. कॅप्टनला पुन्हा तपासणी होईपर्यंत उड्डाण बंद, असं ठरलं. आवळकरांनी उघडलेलं तोंड मिटलं. बाहेर आल्यावर त्यांना मोकळं मोकळं वाटलं. नोकरी वाचली होती. घरी येईपर्यंत ते एक गाणंही गुणगुणत होते.

हे समाधान संध्याकाळपर्यंत टिकलं. बायकोने चहा पुढे ठेवला आणि म्हणाली, "धाकटीचा फोन होता. कॅप्टनने सगळं स्वतःच्या अंगावर घेतलं म्हणे. साहेबसुद्धा त्याला म्हणाले, की असा प्रामाणिक पायलट मी पाहिला नाही."

आवळकरांनी कप खाली ठेवला.

"बाबांना तर भरून आलं," ती म्हणाली.

त्यानंतरचे दिवस त्यांनी कसे काढले ते त्यांचं त्यांना माहीत. हँगरमध्ये जो येईल तो कॅप्टनच्या खांद्यावर हात ठेवायचा. पगाराचं काम बघणारी मुलगी त्याच्यासाठी घरून डबा आणायची. साफसफाईवाल्याने येऊन सांगितलं, "आवळकर, तुमचे साडू म्हणजे देवमाणूस." उडणं बंद होऊन कॅप्टन जेवढा मोठा झाला तेवढा उडताना कधी झाला नव्हता. चूक आवळकरांची, आणि तिचं कौतुक मात्र कॅप्टनचं. कुणी खिशातलं काढून घ्यावं तसं त्यांना वाटत होतं. आणि तक्रार तरी कुठे करणार?

रविवारी सासऱ्यांनी सगळ्यांना बोलावलं. कॅप्टन वेताच्या खुर्चीवर होता, आणि पाठीला आता एक उशीही आली होती. धाकटीचे डोळे सुजलेले. सासरे आपल्या बसच्या दिवसांतले प्रसंग सांगत होते, कधी कुठे ठोकली, कधी कुठे थोडक्यात वाचलो. कॅप्टन मान खाली घालून ऐकत होता. तो खरंच खचलेला होता, हे कुणालाही दिसलं असतं. आवळकरांना उशी दिसत होती.

"चूक कबूल करायला छाती लागते," सासरे म्हणाले. "असा माणूस आपल्या घरात आला, हे आपलं नशीब. काय थोरले, बरोबर ना?"

"नाही," आवळकर म्हणाले.

"काय नाही?"

"चूक त्याची नव्हती. ती पकड मी आवळली नव्हती. अर्धी फिरवली आणि तशीच सोडली. माझी चूक आहे ती. त्याची नाही."

'माझी' हा शब्द त्यांच्या तोंडून असा निघाला, जसा शेजाऱ्याने ढापलेली शिडी परत मागताना निघावा.

बायकोने त्यांच्याकडे बघितलं आणि नजर खाली नेली. धाकटी उठून आत गेली. सासऱ्यांनी कपातला संपलेला चहा पुन्हा पिऊन बघितला. सगळ्यांत शेवटी कॅप्टनने मान वर केली.

"तुम्ही झालं म्हणालात."

"हो."

"कधीच झालं, असं म्हणालात. मी मागे वळून बघितलंसुद्धा नाही." त्याचा आवाज चढला नव्हता, पण त्यात पहिल्यांदाच साडूभाऊ नव्हतं. "मी तिथे सगळ्यांसमोर तुमच्यावर हवाला ठेवून बोललो. तुम्ही शेजारी बसला होतात. तेव्हा बोलायचं. आठवडाभर मी झोपलो नाहीये. डोळे मिटले की ती चाकं आपटतात."

साडू आठवडाभर झोपला नसेल, हे आवळकरांच्या मनातही आलं नव्हतं. त्यांना तो आठवडाभर मिरवताना दिसत होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ऑफिसात जाऊन बाईंना तेच सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "का राहिली?" आवळकर म्हणाले, "लक्ष नव्हतं." "कुठे होतं?" "कामावर नव्हतं," ते म्हणाले. साहेबांनी त्यांना उड्डाणांवरून काढलं आणि स्टोअरमध्ये पट्टे तपासायला बसवलं. कॅप्टन तपासणी देऊन परत उडू लागला.

मग ते सिस्टरला भेटायला गेले. ती घरी होती. हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये, आणि एका हाताने ती कपड्यांच्या घड्या घालायचा प्रयत्न करत होती. आवळकर दाराशी उभे राहिले आणि सगळं पहिल्यापासून सांगू लागले. पकड, हिसका, चौकशी, सासरचा रविवार. ती ऐकत होती. शेवटी तिने टॉवेल खाली टाकला.

"झालं तुमचं सांगून? परवा तुमचे साडू आले होते. तेही इथेच उभे राहून सांगत होते, चूक माझी, चूक माझी. आता तुम्ही आलात. दोघे जावई मिळून दोष वाटून घ्या, काय तो. पण हात माझा मोडलाय. आल्यापासून दोघांपैकी एकानेही विचारलं नाही, की बाई, दुखतंय का?"

आवळकरांचा चेहरा उतरला. "दुखतंय का?" त्यांनी विचारलं.

"दुखतंय. बसा आता, आणि त्या चादरीचं दुसरं टोक धरा."

ते बसले. दोघांनी मिळून चादरीची घडी घातली, मग दुसरीची. घड्या घालताना तिने विचारलं, "पण मला एक सांगा. सुटला होतात की तुम्ही. मग बोललात कशाला?"

आवळकर बराच वेळ चादरीच्या कडा जुळवत राहिले. इतरांना त्यांनी सांगितलं असतं, मन खात होतं. ते खरं नव्हतं, आणि या बाईपुढे खोटं बोलण्याची त्यांची हिंमत नव्हती.

"त्याला सगळं मिळतं, सिस्टर. खुर्ची मिळते, फोटो मिळतो. माझी चूकसुद्धा त्यालाच मिळाली आणि तिचं सोनं झालं. ते मला बघवेना."

सिस्टर हसायला लागली. हसताना हात हलला आणि तिला कळ आली, तरी तिला हसू आवरेना. "अहो, एवढं जळायला तुम्हाला वेळ कधी मिळतो?" ती म्हणाली. आवळकर हसले नाहीत. पण त्यांना राग आला नाही. एवढ्या वर्षांत हे त्यांनी पहिल्यांदाच कुणाला तरी बोलून दाखवलं होतं, आणि ऐकणारी पळून गेली नव्हती.

स्टोअरमध्ये ते बरेच महिने होते. सिस्टर कामावर परतली तेव्हा तिनेच साहेबांना सांगितलं, की बांधायला आवळकर हवेत. "त्यांच्या हातून एकदा सुटलंय, आता सुटणार नाही. नवीन माणसाच्या हातून सुटायचं अजून बाकी आहे." साहेबांनी परत घेतलं, पण नियम नवा केला. बांधणाऱ्याने बांधायचं आणि पायलटने स्वतः येऊन प्रत्येक वस्तू ओढून बघायची.

म्हणजे कॅप्टनने यायचं. पहिल्या दिवशी आवळकर स्ट्रेचरपाशी उभे राहिले आणि कॅप्टन वाकून एकेका पट्ट्याला हात घालू लागला. आवळकरांचे कान तापले. आपण आवळलेल्या गाठीला याने हात लावायचा. कॅप्टनने पंप ओढला, वर, आडवा, आणि पुढे ओढायचं विसरला.

"पुढेही," आवळकर म्हणाले. "पुढेच जास्त जोर येतो."

कॅप्टनने पुढे ओढला. "ठीक आहे," तो म्हणाला आणि आपल्या जागेवर गेला.

असं त्यांचं चालू राहिलं. गोडवा परत आला नाही, पण काम चोख झालं. सासरी कॅप्टन आता पलंगावर बसू लागला, का ते त्याने सांगितलं नाही. वेताची खुर्ची रिकामी राहायची आणि सासूबाई तिच्यावर परत कपडे टाकू लागल्या. पुढे एका नवजात बाळाला काचेच्या पेटीत घालून आणायचं होतं. त्या दिवशी पेटी बांधायला आवळकरांना बराच वेळ लागला. कॅप्टन शेजारी उकिडवा बसून त्यांच्या हातांकडे बघत राहिला. उठताना नेहमीसारखं ठीक आहे न म्हणता तो म्हणाला, "साडूभाऊ, ही खालची गाठ मला शिकवा एकदा." आवळकरांनी शिकवली. कॅप्टनला ती दुसऱ्याच खेपेला जमली, आणि ते बघून त्यांच्या पोटात पुन्हा जुनं दुखायला लागलं. आपल्याला ती शिकायला एक अख्खा पावसाळा गेला होता.

वर्ष-दोन वर्षांनी कॅप्टन मोठ्या कंपनीत गेला. शेकडो माणसांची विमानं, परदेशी जाणं-येणं. सासऱ्यांनी गल्लीत कुणाला सांगायचं बाकी ठेवलं नाही. त्याच्या जागी नवीन पायलट आला. चांगला होता, विमान मऊ उतरवायचा, लोक त्याचे आभार मानायचे. आवळकरांना त्याच्याबद्दल काहीच वाटत नव्हतं. त्याने नवे बूट घातले तरी त्यांना दिसले नाहीत. सिस्टरने विचारलं, "काय आवळकर, हल्ली गप्प गप्प?" तर ते म्हणाले, "नाही, काम आहे."

एका रविवारी धाकटीचा फोन आला. बायको बराच वेळ बोलत होती. फोन ठेवून ती बाहेर आली.

"एवढं मोठं विमान, म्हणते, आणि कॅप्टनला पुढे बसून मागचं काही दिसतच नाही. बटणंच बटणं."

"आणि त्यात बांधायला काय असतं?" आवळकर म्हणाले. "प्रवाशांचे पट्टे. ते आपले आपण लावतात."

"हो का," बायको म्हणाली.

"मग काय. त्यात काय एवढं?" ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, पेपर बाजूला ठेवत, "सुट्टीवर कधी येतोय म्हणाली?"